कोणी न घातलेला थर

माझ्या मोबाईलची पाठ फुगली होती. बटणांचा साधा मोबाईल, मुलाने मुंबईहून आणून दिलेला. मागचं झाकण बसेना म्हणून मी त्याला रबर गुंडाळलं होतं आणि चालत होता म्हणून वापरत होतो. चालणारी वस्तू टाकायची नाही, ही आमच्या घरातली रीत. वैशाखात नात घरी आली. तिने तो मोबाईल बघितला आणि हातातलं पाण्याचं भांडं न पिताच खाली ठेवलं. विचारलं नाही की सांगितलं नाही. रबर काढलं, बॅटरी नखाने उपसली, अंगणाच्या कडेला नेऊन डब्यात रेतीखाली पुरली.

मी म्हटलं, अगो, चालतेय ती.

"चालतेय म्हणूनच भीती, आजोबा," ती म्हणाली.

मला राग आला. माझ्या घरातली वस्तू माझ्यादेखत पुरायची म्हणजे काय. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुढे जे झालं ते सगळं त्या वाक्याच्या मागोमाग आलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेला लागलं की घाटरस्ता सोडून एक पाऊलवाट वर चढते, तिच्या शेवटाला आमची वाडी. वाडीतलं सगळ्यात वरचं घर माझं. माझ्या डोक्यावर कुणाचं सांडपाणी येत नाही, येतं ते डोंगराचं. घरामागे परसाची चिंचोळी पट्टी, पट्टीच्या पलीकडे उभी दरड आणि दरडीच्या पायथ्याला झरा. उन्हाळ्यात करंगळीएवढा, पावसात मांडीएवढा. त्या झऱ्याच्या भरवशावर माझ्या बापाने इथे घर बांधलं. मुलगा मुंबईहून दरवर्षी सांगतो, खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली घालू. मी म्हणतो, घाल आणि तूच रहा.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. मास्तर चांगले होते, म्हैस वाईट होती. तिला माझ्याशिवाय कोणी आवरायचं नाही म्हणून शाळा सुटली. पण सही करतो, अंगठा लावत नाही, आणि हे लिहितोय तेही माझ्याच हाताने. सून म्हणाली, मामा, तुम्ही सांगा, पोरगी टाईप करील. मी नाही म्हटलं. वाकडं आलं तर माझं वाकडं येईल.

नात म्हणजे याच सुनेची मुलगी. पोलादपुरात शिकली, महाडच्या कॉलेजात शिकली, मग मोठ्या शहरात एका प्रयोगशाळेत गेली. तिथे ती काय करते हे वाडीत कोणाला सांगता यायचं नाही. कोणी विचारलं तर तिची आई म्हणायची, बॅटरीचं कायतरी. मला ते पटायचं नाही. आपल्या घरातलं माणूस आयुष्याची वर्षं कशात घालतंय हे धडपणे माहीत नसावं, ही लाजेची गोष्ट. म्हणून मी त्या वेळी तिला धरून बसवली. म्हटलं, संशोधन करते असं नको सांगूस, ते मला माहीत हाय. हाताने काय करतेस ते सांग.

तिने सांगितलं. एक नखाएवढी चौकोनी चकती असते, काचेसारखी दिसणारी, पण काच नव्हे. ती एका बंद भांड्यात ठेवायची, भांड्यातली हवा उपसून काढायची आणि चकती तापवायची. समोर भाजलेल्या पुडीची वडी ठेवायची. त्या वडीवर प्रकाशाचा असा झोत मारायचा की वडीची वाफ उठते, आणि ती वाफ चकतीवर जाऊन बसते. बसते म्हणजे थराथराने बसते. सगळे थर मिळून जाडी केसापेक्षा कितीतरी कमी. डोळ्याला फक्त रंग बदललेला दिसतो.

मी विचारलं, थर कशाचा?

"ऑक्साइडचा. म्हणजे धातूने हवेतला प्राणवायू धरला की जे होतं ते. गंजसुद्धा ऑक्साइडच."

"म्हणजे एवढी शिकलीस नि गंज बनवतेस?"

तिची आई चुलीपाशी हसायला लागली. नातही हसली. म्हणाली, चांगला गंज, आजोबा. हा आपला डोंगराचा मुरूम तांबडा का आहे, त्यातही तेच आहे. मग तिने आपल्या मोबाईलवर एक चित्र दाखवलं. तो थर उभा कापून मोठ्या यंत्राखाली बघितला की असा दिसतो म्हणे. मी चष्मा लावून बघितलं. काळ्यावर पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांच्या सरळ ओळी, एकाखाली एक. दोरी धरून लावणी केल्यासारख्या. मी तसं म्हटलं तर तिला बरं वाटलं. म्हणाली, अगदी तसंच समजा. या ओळींच्या मधल्या चरांतून बारीक कण पळतात, त्यांना आयन म्हणतात. कण इकडून तिकडे गेले की बॅटरी भरते, परत आले की ती वापरता येते. चराच्या वाटेने ते सुसाट जातात, पण ओळी तोडून आडवे जायला त्यांना जमत नाही. म्हणून ओळी कशा बसल्यात त्याला महत्त्व. चर थर आणि चकतीच्या सांध्याकडे उघडत असले तर वाट मोकळी, ओळी सांध्यावर आडव्या झोपल्या तर वाट बंद.

इथपर्यंत मला कळलं. पुढचं तिने आवाज उतरवून सांगितलं, जशी घरातली आजारपणाची गोष्ट सांगतात तशी. तिचा थर चांगला होता. खालची चकतीही चांगली होती, कणांना वाट देणारी. दोन्ही वेगवेगळे तपासले तर एकात दोष नाही. पण एकावर एक ठेवले की कण मध्येच अडायचे. कितीतरी महिने हे चाललं. मग तिने सांध्याचं जवळून चित्र काढलं.

ते चित्र तिने दाखवलं. वर लावणीच्या ओळी, खाली दुसऱ्या ओळी, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा, ज्यात ओळच नव्हती. नुसता चिखल तुडवल्यासारखा.

मी विचारलं, हा कोणी घातला?

"कोणीच नाही. तेच तर. मी एक थर घातला आणि मोजले तर दोन. तापताना वरचे काही कण खाली गेले, खालचे वर आले, आणि दोघांचंही नसलेलं असं काहीतरी मध्ये तयार झालं. आता वरचा थर कसा आहे, खालची चकती कशी आहे, याला विचारतं कोण? काय जायचं, काय अडायचं, ते सगळं त्या सांध्यात ठरतं."

"आणि तो वाढतो का?"

ती म्हणाली, तेच बघतेय.

त्याच आठवड्यात आमचा राब भाजायचा होता. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आम्ही पावसाआधी भाजतो. खाली शेणाचा थर, त्याच्यावर तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, त्याच्यावर वाळक्या पानांचा पातेरा आणि सगळ्यावर चाळल्यासारखी बारीक माती. वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, सरकते. नात मदतीला आली. मी तिला दाखवलं की ज्वाळा वर दिसत नाही, आग शेण आणि टहाळ यांच्या मधून जाते. मधे फट जास्त राहिली तर भडकते आणि माती कच्ची राहते, थर फार दाबले तर विझते. म्हटलं, हे बघ, तुझी प्रयोगशाळा. ती उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, थोडंसं तसंच आहे, पण आग जिथून जाते ते खाऊन टाकते. माझे कण वाटेला खात नाहीत. मग लगेच म्हणाली, म्हणजे खाऊ नये असं मला वाटतं.

आता मातीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमच्याकडे पावसाआधी चूल नव्याने लिंपतात. त्याला बाजारची माती चालत नाही. माझ्या घरामागच्या दरडीत, कमरेएवढ्या उंचीवर, एक करड्या मातीची पट्टी आहे. तिच्या वर तांबडा मुरूम, खाली काळा कातळ, आणि मध्ये ही वीतभर जाडीची करडी माती, लोण्यासारखी मऊ. चूल हिनेच लिंपायची, तडकत नाही. वाडीतल्या सगळ्या बाया माझ्या परसातून जाऊन ती काढतात, आणि काढायला जाताना माझ्या दारात थांबून विचारतात. ही पद्धत माझ्या आईपासूनची. सुकी असते तेव्हा ती मऊ नसते, पहारीने खणावी लागते. एका पाटीला सकाळ जाते.

त्या दिवशी सून पाटी घेऊन गेली आणि मी तंबाखू मळून तोंडात टाकतोय तेवढ्यात परत आली. पाटी भरलेली. पहार तिने कोरडी परत आणली होती. म्हणाली, मामा, यंदा माती हातानेच निघाली. नुसती हातानेच नाही, निघून पडलेलीच होती.

वैशाखातली गोष्ट. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

मी मागे गेलो, नात माझ्यामागून आली. दरडीतून ती करडी पट्टी बाहेर आली होती. पाटावर ठेवलेल्या पिठाच्या गोळ्यावर हात दाबला की कडेने जसं पीठ येतं, तशी. ओली होती. बोट लावलं तर बोट आत गेलं. नातीने थोडी माती चिमटीत घेऊन चोळली. मग तिने मला तेच विचारलं जे मी तिला विचारलं होतं.

"आजोबा, हा थर कोणी घातला?"

मी म्हटलं, कोणी नाय. पहिल्यापासून हाय.

ती म्हणाली, माझा हा विषय नाही, डोंगराचं मला काही कळत नाही, कळणाऱ्या माणसाला बोलवायला हवं. पण मातीचं थोडं माहीत आहे. चिकण माती पत्त्यांच्या कॅटसारखी असते, पानावर पान. पानांच्या मध्ये आयन बसलेले असतात, आणि पाणी आलं की त्यांच्यासोबत आत शिरतं. मग पान पानावरून सरकतं. एवढं बोलून तिने वर बघितलं. मीही बघितलं. वर मुरूम, मुरुमावर जंगल, ऐन आणि किंजळाची जुनी झाडं. नेहमी दिसतात तशीच दिसली. पण मी पहिल्यांदा त्यांच्याकडे ओझं म्हणून बघितलं.

मागल्या पावसाआधी तलाठ्याबरोबर दोन माणसं येऊन गेली होती. जोराच्या पावसात वाडीने खाली रस्त्यालगतच्या शाळेत जावं म्हणाली. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, डोंगर माझ्या बापाच्या आधीपासून इथे हाय, तुम्ही आत्ता आलात. ती गेली. आणि मी नाही हललो म्हणून कोणीच हललं नाही. वाडीत असंच आहे. वरचं घर हललं तर बाकीची हलतील. खालच्या घरातला माझ्या वयाचा, लहानपणापासूनचा सोबती, त्याने तर तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "याच्या म्हशी खाली उतरल्या की माझ्या उतरतील. तोवर मी झोपतो." हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण ते हसणं नव्हतं, ते माझ्या मानेवर ठेवलेलं होतं.

नातीने शाळेत जायचं काढलं. मी तेच उत्तर दिलं, बापाच्या आधीपासूनचं.

"डोंगर राहील हो," ती म्हणाली. "कातळ कुठे जातोय? वरचा थर कातळावर राहील का, ते विचारतेय मी."

"इतकी वर्षं राहिला."

"माझा थर पण चांगलाच आहे, आजोबा. चकती पण चांगली आहे. दोघांना विचारलं तर दोघंही सांगतील, आमचं बरं चाललंय."

मी उठून म्हशींकडे गेलो. घरातल्या पोरीने मला गप्प करावं हे मला सोसत नाही, अजूनही सोसत नाही. जाताना ती महाडहून मोबाईलला नवी बॅटरी घालून देऊन गेली आणि शहरातल्या डोंगराच्या एका जाणकार बाईंना विचारते म्हणाली. पुढे त्या बाईंनी नातीने दरडीची काढून नेलेली चित्रं बघून सांगितलं की तिथे राहू नका, पावसानंतर येऊन बघते. मी ऐकून घेतलं. पण जायच्या दिवशी एस्टीत चढताना नात एवढंच म्हणाली, एका अंगाला हात लावून सांध्याचं कळत नाही, दोन्ही अंगांना लावावा लागतो. आम्ही पण तपासताना तार तशीच लावतो, एक वर, एक खाली.

आषाढ लागायच्या आत मी एक काम केलं. कोणाला सांगून नाही. कातळाच्या भेगेत एक खैराची खुंटी ठोकली, करड्या मातीच्या वर मुरुमात दुसरी ठोकली, आणि दोघींना काथ्याचा सुंभ बांधला. पार ताणला नाही. बोट घातलं तर बोटभर झोल राहील असा बांधला. रोज सकाळी झऱ्यावर तोंड धुवायला गेलो की बोट घालून बघायचं.

पाऊस लागला, लावण्या झाल्या. झरा मांडीएवढा झाला. आणि सुंभाचा झोल कमी झाला.

खालच्या घरवाल्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तो एक दिवस इरलं डोक्यावर घेऊन माझ्या परसात उभा. खुंट्या बघितल्या, सुंभ बघितला.

"काय रे डोंगराच्या मालका, डोंगर दावणीला बांधलास?"

मी म्हटलं, तुझं डोकं बांधायला आणलेला, तो उरला.

त्याने सुंभाला टिचकी मारली. म्हणाला, ओला सुंभ ताठ होतो रे बाबा, खाटेचा पण होतो. एवढ्यासाठी घाबरतोस? आणि हसत गेला. ते त्याचं खरं होतं. ओला काथ्या आखडतो हे पोरालाही माहीत असतं, आणि मला ते सुचलं नव्हतं याचाच मला जास्त राग आला.

मी नातीला फोन लावला. म्हशीचं दावं असल्यासारखं विचारलं, की दावं पाण्याने आखडलंय की म्हैस ओढतेय हे कसं ओळखायचं. ती मग म्हणाली, "दुसरं दावं बांधा. तसलंच, तेवढंच. पण दोन्ही खुंट्या एकाच थरात ठोका. पाणी दोघांना सारखंच लागेल." म्हशीचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी दुसरा सुंभ बांधला, दोन्ही खुंट्या मुरुमात, पहिल्याच्या बाजूला. पहिलाही सोडून नव्याने बांधला, दोघांत सारखाच बोटभर झोल. मग आमच्याकडे आषाढात पडतो तसा पाऊस पडला, समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसला नाही. दुसरा सुंभ थोडा आखडला आणि तसाच राहिला, बोट कसंबसं आत जायचं. पहिल्यात नखही जाईना. पुढे तो असा ताठ झाला की वाऱ्याने वाजायचा, माशी घोंगावल्यासारखा. मी भांडी घासणाऱ्या सुनेला विचारलं, तुला काय ऐकू येतं का? ती म्हणाली, पाऊस.

घरातही कायतरी चाललं होतं. माजघराचं मागचं दार लागेना. पावसात लाकूड फुगतं, ते मला माहीत आहे, म्हणून मी रंधा मारला. दुसऱ्या दिवशी परत लागेना. या वेळी वरच्या कोपऱ्यात अडत होतं. दार तेच, चौकट तिरकी झाली होती. मी रंधा परत जागेवर ठेवला. म्हशी गोठ्यात बसायच्या बंद झाल्या. उभ्याने रवंथ करायच्या, कान मागच्या भिंतीकडे.

आणि मग एका सकाळी तोंड धुवायला गेलो तर झरा नव्हता.

पाऊस कोसळत होता. पन्हळीतून पाणी पडत होतं, ओढा खाली गर्जत होता, आणि जिथे मांडीएवढं पाणी फुटायचं तिथे नुसता ओला खडक. उन्हाळ्यात नाही आटला, दुष्काळात नाही आटला, माझ्या बापाच्या वेळेला नाही आटला. मी खडकाला हात लावून उभा राहिलो. पाणी गेलं कुठे हा प्रश्नच नव्हता. वर पडतंय ते आत जातंय आणि बाहेर येत नाहीये. ते कुठे साठतंय हे मला माहीत होतं. वीतभर जाडीची जागा आहे ती, तिथलीच माती माझ्या चुलीला लावलेली.

बॅटरीची आठवण झाली. पाठ फुगलेली, वर रबर, आणि चालतेय म्हणून खिशात.

मी सुंभ बघायला गेलोच नाही. घरात येऊन सुनेला म्हटलं, चूल विझव, तांदूळ आणि कपडे बांध. तिने विचारलं नाही कुठे. बहुतेक केव्हापासून वाट बघत असावी, कारण गाठोडं आधीच बांधलेलं निघालं. मी म्हशी सोडल्या आणि वाडीच्या मधल्या वाटेने उतरवल्या, आडवाटेने नाही. सगळ्यांना दिसाव्यात म्हणून. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा पावसातही ऐकू जातात.

खालच्या घरवाला ओटीवर बसला होता.

"उतरलास?" तो म्हणाला.

"म्हशींना खाली चारा बरा हाय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. आम्ही दोघांनी मिळून लहानपणी खूप खोटं बोललेलं आहे, त्यामुळे त्याला माझं खोटं ओळखता येतं. थट्टा तोंडावर आली होती, ती त्याने गिळली. "थांब," म्हणाला, "माझ्या पण सोडतो. झरा बोलतो ना?"

"नाय बोलत."

त्यानंतर तो चप्पल घालायलाही थांबला नाही. दुपारपर्यंत वाडी शाळेत होती. माणसं वर्गात, जनावरं मागच्या पडवीत. म्हाताऱ्या बाया कुरकुरल्या, पोरांना मजा वाटली. मी कोणाला कारण सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही, फक्त ज्याला त्याला कळलं की झरा बंद पडलाय.

आम्ही वाट बघितली. आवाजाची. पाऊस चढला, उतरला, परत चढला. काही झालं नाही.

मग उघडीप झाली. ऊन पडलं आणि लोकांना घरं आठवली. कोणाची कोंबडी राहिली होती, कोणाची वाल भरलेली कणगी. खालच्या घरवाला माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, मालका, डोंगर तर आहे तिथेच आहे. थट्टा नव्हती त्यात, विचारणं होतं. मी म्हटलं, बघून येतो.

वर घरापर्यंत गेलो नाही. घराखालच्या बांधापर्यंत गेलो, तिथून बाजूने दरड दिसते. दुसरा सुंभ जसाच्या तसा होता, उन्हात सैल पडलेला. पहिला तुटला होता. तुकडे दोन्ही खुंट्यांना लोंबत होते. कातळातली खुंटी जागेवर होती. मुरुमातली पुढे, घराच्या अंगाला सरकून तिच्यापासून लांब गेली होती, आणि तिच्यासोबत तिच्या बाजूच्या दोन्ही खुंट्याही, सगळ्या एकत्र, एकमेकींपासून तसूभरही न हलता. म्हणून तर दुसरा सुंभ सैल होता. वरचा थर अख्खाच्या अख्खा पुढे आला होता, झाडांसकट, आणि एक फांदी मोडली नव्हती. मी त्या ऐन-किंजळाकडे बघितलं. पूर्वी सरळ होती. आता सगळी एकाच अंगाला जरा कलली होती, दिंडीतल्या माणसांनी एकदम पाय उचलावा तशी नाही, जड पाटी डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईसारखी, जी अजून पाऊल टाकायचं ठरवत आहे.

शाळेत परत आलो आणि म्हटलं, कोणी वर जायचं नाय. कोंबडी गेली तर गेली. एकाने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, मी सांगेन तेव्हा. सगळ्यांनी मान डोलावली. मला काही माहीत आहे असं त्यांना वाटलं.

नातीला फोन केला. या वेळी म्हशीचं दावं वगैरे काढलं नाही. सरळ सांगितलं: सुंभ तुटला, खुंटी वीतभर पुढे सरकली, आम्ही खाली आहोत. पलीकडे ती रडतेय की काय असं वाटलं, म्हणून मी विषय बदलला.

"तुझ्या त्या मधल्या थराचं काय झालं? वाढतो का?"

"वाढतो," ती म्हणाली. "आपण बॅटरी भरतो, रिकामी करतो, तसा दर खेपेला थोडासा."

"थांबत नाय?"

"मध्ये दुसरं काही लावलं तर हळू वाढतो. थांबवायला मला अजून जमलेलं नाही, आजोबा."

त्या जाणकार बाई पावसानंतर यायच्या आहेत. तोवर आम्ही शाळेत आहोत. सुनेने पडवीत तीन दगडांची चूल मांडली आणि घरून पाटीत घालून आणलेल्या त्याच करड्या मातीने लिंपली. दुसरी माती तिला चालत नाही. चूल छान झाली आहे, कुठे तडा नाही.

शाळेच्या पायरीवर बसलं की वर माझं घर दिसतं. कौलं सरळ, दार बंद, मागे हिरवीगार झाडी. ऊन पडलं की ते इतकं चांगलं दिसतं की कोणाचाही पाय वळावा. माझाही वळतो. मी उठतो, बांधापर्यंत जातो, खुंट्या बघतो आणि तिथेच उभा राहतो.